ओल कुठे हवी, कुठे नको: रेनबो बोआच्या पेटीतले गैरसमज

रेनबो बोआवर ऊन पडलं की त्याच्या विटकरी अंगावरून निळा, हिरवा, जांभळा रंग सरकत जातो. हे रंग कातडीतले नसतात. खवल्यांवर अतिसूक्ष्म कंगोरे असतात, त्यांच्यावर प्रकाश फुटतो आणि साप वळेल तसे रंग बदलतात. लिनियसने १७५८ मध्ये ज्याचं शास्त्रीय वर्णन केलं तो हा ब्राझिलियन रेनबो बोआ, एपिक्रेटिस सेन्क्रिया. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात ब्राझीलपासून पेरूपर्यंत आणि उत्तरेला सुरीनाम, गयानापर्यंत तो आढळतो. बिनविषारी, रात्री फिरणारा, अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देणारा हा साप दीड ते दोन मीटर वाढतो. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपात तो हौसेने पाळणारे पुष्कळ आहेत. पाळीव सापांत नेहमी दिसणारा कॉर्न स्नेक थोडी कोरडी हवा निभावून नेतो; रेनबो बोआला ते जमत नाही. पेटीतली हवा चुकली की त्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघते, अंग सुरकुततं, आणि ज्या चमकेसाठी त्याला घरी आणलं तीच आधी जाते.

मग धावाधाव सुरू होते, आणि तिथेच सर्वांत मोठी चूक होते. ‘पावसाळी जंगलातला साप आहे, पेटी चिंब ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात अर्धं खरं आहे. अ‍ॅमेझॉनच्या मध्यावर वसलेल्या मनाऊस शहरात वर्षाला साधारण २३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता वर्षभर सरासरी ८०% च्या आसपास असते. पण त्या जंगलात पडलेलं पाणी पालापाचोळ्यातून खाली झिरपतं आणि सापाला चढायला फांदी, शिरायला कोरडी ढोली, पडून राहायला मुळांमधली सपाट जागा मिळते. काचेच्या पेटीतलं पाणी कुठेच जात नाही. तळाचा चिखल होतो आणि साप चोवीस तास त्यावर पोट टेकून पडून राहतो. काही आठवड्यांत पोटाच्या रुंद खवल्यांवर पाण्याचे फोड दिसू लागतात, खवल्यांच्या कडा तपकिरी पडतात, आणि दुर्लक्ष झालं तर तिथे जिवाणूंचा संसर्ग होऊन जखमा होतात. सापाला दमट हवा लागते, ओलं अंथरूण नव्हे. या एका फरकावर पुढचं जवळजवळ सगळं अवलंबून आहे.

तळात किती ओल आहे हे पाहायला यंत्र लागत नाही. तळाचा थर उकरून खालचं मूठभर साहित्य घ्यावं आणि घट्ट दाबावं. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पण बोटांतून पाणी ठिबकलं नाही, तर ओल बरोबर. थेंब गळले तर जास्त. गोळा लगेच विस्कटला तर पाणी घालायची वेळ झाली. वरचा बोटभर थर मात्र हाताला कोरडा लागला पाहिजे, कारण साप त्यावर झोपतो.

दुसरा गैरसमज फवारणीचा. दिवसातून तीनदा स्प्रे मारला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. स्प्रे मारल्यावर आर्द्रतेचा आकडा झटकन ९५ वर जातो, पाळणारा खूश होतो, आणि दोन तासांत आकडा पुन्हा ५० वर येतो. सापाच्या कातडीला असा चढउतार उपयोगाचा नाही, तिला दिवसरात्र एकसारखी हवा लागते. ती येते तळाच्या जाड थरातून. आठ-दहा सेंटिमीटरचा थर असेल तर त्याच्या खालच्या अर्ध्यात पाणी साठून राहतं आणि सावकाश वर येत राहतं. म्हणून अनुभवी पाळणारे वरून शिंपडत नाहीत. पेटीच्या कोपऱ्यात हळूच पाणी ओततात, ते तळाला पसरतं आणि वरचा भाग कोरडा राहतो. जोडीला रुंद तोंडाचं पाण्याचं भांडं ठेवलं की आठवडाभर फारसं काही करावं लागत नाही.

कोरड्या हवेचं मूळ मात्र बहुतेक वेळा पेटीबाहेर असतं. हवा जितकी गरम, तितकी ती जास्त वाफ धरू शकते. आणि सापेक्ष आर्द्रता म्हणजे धरता येईल त्यापैकी किती वाफ आज हवेत आहे, याची टक्केवारी. २० अंश सेल्सिअसला ८०% आर्द्रता असलेली हवा तशीच ३० अंशांपर्यंत तापवली, तर आकडा ४४% वर येतो. वाफ तेवढीच असते, हवेची धारणशक्ती वाढलेली असते. शिकागो किंवा टोरांटोच्या हिवाळ्यात बाहेर शून्य अंश आणि ९०% आर्द्रता असली, तरी ती हवा घरात येऊन २२ अंशांपर्यंत तापली की जेमतेम २१% उरते. त्यात पेटीवर तापवणारा दिवा आणि वर जाळीचं झाकण असेल तर सापाच्या अंगातलं पाणी हवा शोषून घेऊ लागते. त्या देशांत कात अडकल्याच्या तक्रारी हिवाळ्यात वाढतात त्या यामुळे. तिथे स्प्रेची बाटली मोठी करून भागत नाही, तापवण्याची पद्धतच बदलावी लागते. रेनबो बोआला तसंही फार ऊब लागत नाही. पेटीची गार बाजू २४ अंशांच्या आसपास, उबदार बाजू २९-३० अंश एवढं पुरतं; ३२ च्या वर तो सैरभैर होतो.

हेच गणित पेटीच्या आतही चालतं, आणि ते माहीत नसल्यामुळे लोक उगाच घाबरतात. उबदार बाजूला ३० अंशांवर ६०% आकडा दिसला, तर तीच हवा २४ अंशांच्या गार बाजूला ८५% दाखवते. दोन्ही आकडे बरोबर असतात. एकच आर्द्रतामापक, तोही दिव्याखाली वरच्या कोपऱ्यात चिकटवला, तर पाळणारा ‘हवा कोरडी आहे’ म्हणून पाणी ओतत राहतो आणि खाली चिखल करतो. मापक साप जिथे पडून असतो त्या उंचीवर, आणि निदान गार बाजूला तरी हवाच.

मापक खरं बोलतो का, हेही तपासावं. काटा फिरणारी स्वस्त गोल यंत्रं बऱ्याचदा दहा-पंधरा टक्क्यांनी चुकतात. तपासणी स्वयंपाकघरातल्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यावं आणि ते भिजेल पण विरघळून जाणार नाही, इतके थेंब पाणी घालावं. हे झाकण आणि मापक घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवून पिशवी रात्रभर घरातल्या सावलीत राहू द्यावी. अशा ओल्या मिठावरची बंदिस्त हवा ७५% वर येऊन स्थिरावते. सकाळी मापक ६८ दाखवत असेल, तर तो सातने कमी बोलतो, हे कायमचं लिहून ठेवावं. एवढं न करता बोआच्या हवेबद्दल चिंता करण्यात अर्थ नाही.

आता तळाला घालायचं काय? ‘सापाला काहीही चालतं’ आणि ‘वर्तमानपत्र सर्वांत सुरक्षित’ ही दोन्ही मतं ऐकू येतात. वर्तमानपत्र आणि टिश्यू पेपर नव्याने आणलेल्या किंवा आजारी सापासाठी खरंच चांगले, कारण विष्ठा, रक्त, गोचिडीसारखे किडे लगेच दिसतात. पण कागद ओलावा साठवत नाही, म्हणून त्यासोबत ओलसर मॉस भरलेली लपायची डबी द्यावीच लागते. लाकडाच्या भुशांत सीडरचा भुसा पूर्ण वर्ज्य. त्याच्या वासाला कारण असलेली उडून जाणारी द्रव्यं बंद पेटीत सापाच्या श्वसनमार्गाला त्रास देतात. वास येणारा पाइनचा भुसाही टाळलेला बरा. अ‍ॅस्पेनचा भुसा कोरड्या हवेतल्या सापांना छान, पण इथे भिजला की काही दिवसांत त्याला बुरशी धरते. वाळू आणि मक्याच्या कणसांचा चुराही बाद.

उरतात ती कामाची साहित्यं: सायप्रसच्या सालीचे तुकडे, ऑर्किडसाठी मिळणारी साल, लांब धाग्यांचं स्फॅग्नम मॉस, आणि नारळ. नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे आणि कोकोपीट हे मिश्रण या सापाला फार मानवतं, कारण पीट पाणी धरतं आणि तुकडे मधे हवा खेळती ठेवतात. नुसतं कोकोपीट वापरलं तर कोरड्या थराची धूळ उडते आणि भिजलं की ते दाटून बसतं. ब्रिटन-अमेरिकेतल्या दुकानांत ‘सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी’ म्हणून मिळणारी कोकोपीटची दाबलेली वीट बहुधा भारत किंवा श्रीलंकेतून गेलेली असते. सिंधुदुर्गात काथ्याचं काम पाहिलेल्यांना हा भुसा ओळखीचा वाटेल. एक काळजी मात्र हवी. सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवून काथ्या काढला असेल, तर कोकोपीटमध्ये मीठ उरतं. बागेसाठी विकल्या जाणाऱ्या विटांत कधी खतही मिसळलेलं असतं. धुतलेलं, बिनखताचं कोकोपीट घ्यावं, आणि शंका असेल तर दोन-तीन पाण्यांतून काढावं.

जाड थराखाली तापणारी चटई ठेवू नये. थर उष्णता अडवून धरतो, काच भलतीच तापते आणि साप खाली शिरला तर त्याचं पोट भाजतं. उष्णता वरून किंवा बाजूने द्यावी, थर्मोस्टॅट लावूनच.

आर्द्रता टिकवण्यासाठी काही जण पेटीचं प्रत्येक छिद्र चिकटपट्टीने बंद करतात. आकडा मिळतो, पण हवा कोंदते. काचेवर दिवसभर पाण्याचे ओघळ दिसणं, झाकण उघडताच कुबट वास येणं, लाकडाच्या तुकड्यावर पांढरी बुरशी चढणं, या तिन्ही गोष्टी हवा फिरत नसल्याच्या खुणा आहेत. जाळीच्या झाकणाचा मोठा भाग झाकून एक पट्टा मोकळा सोडला, तर दोन्ही साधतं. ओल्या थरात पांढरे, उडी मारणारे बारीक किडे दिसले म्हणून घाबरू नये. हे स्प्रिंगटेल बुरशी खातात. अनेक पाळणारे ते मुद्दाम सोडतात.

भारतातल्या वाचकाला इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली कायद्याची. बोआ कुळातले साप वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत आहेत. रेनबो बोआ दुसऱ्या परिशिष्टात येतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुरुस्तीने अशा परदेशी प्रजाती चौथ्या अनुसूचीत घातल्या, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्या बाळगणाऱ्याने परिवेश पोर्टलवर नोंदणी करणं बंधनकारक आहे. जन्म, मृत्यू, हस्तांतर यांचीही नोंद लागते. ‘परदेशी साप पाळायला काही लागत नाही’ हे म्हणणं आता चुकीचं आहे. आणि आपल्या मातीतले याचे नातेवाईक, म्हणजे मांडूळ आणि डुरक्या घोणस, पाळणं तर गुन्हाच आहे. अंधश्रद्धेपायी मांडुळाची जी तस्करी चालते ती पाहता, बिनकागदपत्रांचा कोणताही साप विकत घेणाऱ्याने आपण कोणत्या साखळीला पैसे पुरवतो याचा विचार करायलाच हवा.

दुसरी गोष्ट हवेची. शिकागोसाठी लिहिलेला तक्ता मुंबईत चालत नाही. जुलैत मुंबईची हवा स्वतःच ८५-९० टक्क्यांवर असते. तेव्हा पाणी ओतणं थांबवून वारा वाढवावा लागतो. पण त्याच घरात खोलीला दिवसभर एसी असेल, तर एसी हवेतली वाफ काढून टाकतो आणि भर पावसाळ्यात पेटी कोरडी पडते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २०% च्या आसपास उतरते आणि पारा ४३ च्या पुढे जातो. तिथे आधी गारवा, मग ओल.

शिवाय सगळे रेनबो बोआ एकसारखे नसतात. पूर्वी एकाच जातीच्या उपजाती मानले गेलेले हे साप २००८ च्या पुनर्वर्गीकरणानंतर पाच स्वतंत्र प्रजातींत गेले. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या काटेरी, अर्धकोरड्या काटिंगा प्रदेशात एपिक्रेटिस अस्सिसी राहतो, अर्जेंटिना-बोलिव्हियाकडच्या कोरड्या चाको प्रदेशात अल्वारेझी. अ‍ॅमेझॉनच्या सापाला ७५ ते ९० टक्के लागतात म्हणून यांनाही तेवढेच दिले, तर त्यांना त्रास होतो. कोलंबियन किंवा तपकिरी रेनबो बोआ, मौरस, त्या दोहोंच्या मधला. विकत घेताना ‘रेनबो’ एवढंच ऐकून थांबू नये.

साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसला की ‘याला पोहायला आवडतं’ असं कौतुकाने म्हटलं जातं. कधीमधी बसणं ठीक. सतत बसत असेल तर हवा कोरडी आहे, पेटी फार तापली आहे किंवा अंगावर सापांचे माइट्स लागले आहेत, या तीन शक्यता आधी तपासाव्यात. माइट्स म्हणजे काळ्या मोहरीहूनही बारीक ठिपके. भांड्याच्या तळाशी बुडून पडलेले दिसतात.

कात टाकण्याआधी डोळे निळसर धूसर होतात, मग पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कात निघते. या काळात ओलसर मॉसची डबी सर्वांत जास्त उपयोगी पडते. कात अडकली तर ती ओढून काढायची नाही. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या टॉवेलमधून सापाला सरकत जाऊ द्यावं, घर्षणाने ती सुटते. डोळ्यांवरची पारदर्शक टोपी राहिली तर तिला हात लावू नये. खालचा जिवंत डोळा दुखावतो. ती पशुवैद्यानेच काढावी.

पिल्लांच्या बाबतीत चुकीला फार कमी वाव असतो. एका वेळी दहा ते तीस पिल्लं जन्मतात, प्रत्येक साधारण चाळीस सेंटिमीटर लांब, बोटाहून बारीक. वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं. मोठा साप निभावून नेईल अशी एक कोरडी रात्र पिल्लाला महागात पडते. म्हणून त्यांना लहान डब्यात, ओलसर टिश्यू पेपरवर, ९०% च्या आसपास ठेवतात आणि कागद रोज बदलतात.

आणि सर्दीचा गैरसमज. सापाच्या नाकातून बुडबुडे येऊ लागले, तोंड उघडून श्वास घेऊ लागला, की अनेक जण ‘ओलीमुळे झालं’ म्हणून पेटी एकदम कोरडी करतात. श्वसनसंसर्गाला बहुतेक वेळा निमित्त होतं ते गारठा, ओल आणि कोंदलेली हवा एकत्र आल्याचं. रेनबो बोआची हवा अचानक ४० टक्क्यांवर आणली, तर त्याच्या श्वासनलिकेतला स्राव घट्ट होतो आणि तो बाहेर टाकणं सापाला अधिकच अवघड जातं. अशा वेळी गार बाजूचं तापमान दोन अंशांनी वाढवावं, झाकणाचा मोकळा पट्टा रुंद करावा, चिखल झालेला थर काढून टिश्यू पेपर घालावा, मॉसची डबी तशीच राहू द्यावी, आणि त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जावं. तापमान आणि आर्द्रतेचे गेल्या काही दिवसांचे आकडे सोबत न्यावेत.