नकोशा आरोपीचा हक्क

एखादा खून असा घडतो की त्याने सारा समाज ढवळून निघतो. कचेरीतील मधल्या सुटीत, आगगाडीच्या डब्यात, शिक्षकांच्या खोलीत एकच मागणी ऐकू येते : आरोपीला ताबडतोब फासावर चढवा, खटल्याचे अवडंबर हवे कशाला? या मागणीमागील संताप खोटा नसतो. निरपराध माणसे मारली गेल्यावर ज्याचे रक्त तापत नाही, त्याच्या माणुसकीविषयीच शंका घ्यावी लागेल. परंतु संताप खरा असला म्हणजे त्यातून निघालेला निष्कर्षही खरा असतोच, असे नाही. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या खटल्याइतका या प्रश्नाचा कस पाहणारा खटला अलीकडच्या काळात क्वचितच झाला असेल.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या त्या हल्ल्यात १६६ माणसे मृत्युमुखी पडली. हल्लेखोरांपैकी एकटा अजमल कसाब जिवंत हाती लागला, तोही सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर झेलून त्याला धरून ठेवले म्हणून. बंदूक घेऊन स्थानकात फिरणारी त्याची छबी साऱ्या जगाने पाहिली होती. अशा माणसाला वकील कशासाठी, असा सवाल साहजिकच उठला. मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने त्याचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला. न्यायालयाने नेमलेल्या महिला वकिलांच्या घरासमोर निदर्शने झाली. आरोपी तुरुंगात बिर्याणी मागतो, ही वार्ता तर घरोघरी पोचली. ती आपणच रचली होती, असे सरकारी वकिलांनी २०१५ मध्ये स्वतः सांगून टाकले. पण तोवर ती लोकांच्या लेखी सत्य होऊन बसली होती.

तरीही खटला चालला, आणि रीतसर चालला. राज्यघटनेच्या २१ व्या आणि २२ व्या अनुच्छेदांत जीविताचे आणि वकिलाचा सल्ला घेण्याचे संरक्षण आहे, ते ‘नागरिका’ला नव्हे, ‘व्यक्ती’ला आहे. परका, शत्रू, सर्वांना नकोसा झालेला माणूस, हे सारे त्या एका शब्दात येतात. वकिलांच्या संघटनांनी कोणा आरोपीवर असा बहिष्कार घालणे घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका वेगळ्या प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. कसाबला वकील मिळाला. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने फाशी सुनावली, फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली. गुन्ह्यापासून शिक्षेपर्यंत पुरती चार वर्षेही लागली नाहीत. न्यायाच्या रीतीने गुन्हेगार निसटतो, हा आक्षेप निदान येथे तरी टिकत नाही.

परंतु या खटल्याचे खरे महत्त्व कसाबच्या फाशीत नाही. त्याच पिंजऱ्यात आणखी दोन भारतीय आरोपी उभे होते. हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे त्यांनी पुरवले, असा त्यांच्यावर आरोप होता. पुराव्यादाखल पुढे आलेला हाताने काढलेला नकाशा एका मृत दहशतवाद्याच्या विजारीच्या खिशात सापडला, असे पोलिसांचे म्हणणे. ती विजार रक्ताने माखलेली होती; नकाशावर मात्र रक्ताचा डाग नव्हता की चुरगळल्याची खूण नव्हती. न्यायालयाने हा साधा प्रश्न विचारला आणि दोघांनाही निर्दोष सोडले. वरच्या दोन्ही न्यायालयांनी तो निर्णय उचलून धरला. रस्त्यावरच्या संतापाच्या हाती निवाडा असता, तर एकाबरोबर तिघे गेले असते. खटला हा गुन्हेगारावर केलेला उपकार नव्हे; गुन्हेगार आणि संशयित यांच्यातील फरक पाखडून काढण्याचे ते सूप आहे.

हे सूप नीट हलवले गेले नाही म्हणजे काय होते, याचे उदाहरण मुंबईपासून दूर सापडते. जून २००३ मध्ये शेतातील एका झोपडीत शिरून दरोडेखोरांनी एकाच कुटुंबातील पाच जणांची हत्या केली. स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतील सहा जणांना पकडण्यात आले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली. त्यांच्या बाजूने कोठे मोर्चा निघाला नाही. गरिबाची फाशी ही गाजणारी बातमी नसते.

त्या काळी फाशीच्या प्रकरणांतील फेरविचाराचे अर्जही सामान्यतः न्यायमूर्तींच्या दालनात, तोंडी युक्तिवादावाचून निकालात निघत. २०१४ मध्ये घटनापीठाने नियम घातला, की फाशीच्या शिक्षेचा फेरविचार निदान तीन न्यायमूर्तींपुढे, खुल्या न्यायालयात, वकिलाचे म्हणणे ऐकूनच व्हावा. हा नियम कोणाच्या याचिकेतून निघाला? लाल किल्ल्यावरील २००० सालच्या हल्ल्यात फाशीची शिक्षा झालेला एक परदेशी दहशतवादी त्या याचिकादारांत अग्रभागी होता. त्याला पुन्हा ऐकून घेण्याची मागणी अनेकांना तेव्हा संतापजनक वाटली असेल. पण या नियमानंतर झोपडीतील हत्याकांडाचे ते प्रकरणही नव्याने उघडले, आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष ठरवले. तोवर त्यांची उमेदीची वर्षे तुरुंगात सरली होती. त्यांच्यातील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही पुढे निष्पन्न झाले होते. सर्वांत तिरस्करणीय माणसासाठी उघडलेल्या दारातून सर्वांत असहाय माणसे बाहेर आली. ते दार पहिल्यासाठी बंद ठेवून दुसऱ्यांसाठी उघडे ठेवता आले नसते, कारण दारापाशी उभा असलेला माणूस कोण आहे, हे तर आत गेल्यावरच ठरायचे असते.

नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सुनावणाऱ्या रामशास्त्र्यांचे स्मरण महाराष्ट्र अभिमानाने करतो. सत्तेपुढे न वाकणारा तो बाणा थोरच. पण लोकशाहीत सत्ता केवळ सिंहासनावर नसते, ती जमावाच्या गर्जनेतही असते. बलाढ्य अपराध्याला ‘तू दोषी आहेस’ असे सांगायला जे धैर्य लागते, तेच क्षुब्ध समाजाला ‘पुरावा अपुरा आहे’ असे सांगायलाही लागते. लोकांना न रुचणारा असा निकाल देणाऱ्या न्यायाधीशाची समाजाने निर्भर्त्सना केली, तर उद्या रामशास्त्री शोधूनही सापडणार नाही.

‘आरोपीच्या हक्कांचा एवढा पुळका, मग मृतांचे काय?’ असा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्या झोपडीच्या प्रकरणाच्याच निकालपत्रात आहे. त्या रात्रीतून जखमी अवस्थेत वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर लगेचच पोलिसांजवळील छायाचित्रांतून चार वेगळीच माणसे ओळखली होती. त्या चौघांना पकडण्यात आले नाही, त्यांचा तपासही झाला नाही. सहा जणांच्या फाशीने न्याय झाला, असे साऱ्यांनी मानले. म्हणून खऱ्या मारेकऱ्यांच्या मागे कोणीच गेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा जणांना प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या झोपडीत मारल्या गेलेल्या पाच जणांना मात्र कोणत्याही न्यायालयाला काही देता आले नाही.