परमुलखातील पाटी-पुस्तक

गडब हे पेण तालुक्यातील, मुंबई-गोवा महामार्गालगतचे गाव. शेजारच्या डोलवीत पोलादाचा मोठा कारखाना आहे. पोटापाण्यासाठी परप्रांतांतून तेथे माणसे येतात आणि त्यांच्यामागून मुलेही येतात. घरी वेगळीच भाषा बोलणारे मूल मराठी शाळेच्या दारात उभे राहते, तेव्हा शिक्षकांचे बोलणे त्याला कळत नाही आणि त्याचे बोलणे वर्गाला उमगत नाही.

परमुलखातून आलेल्या मुलांच्या शिक्षणाचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्रात पूर्वी घडले आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने सैबेरिया व अन्य दूरच्या प्रदेशांत हद्दपार केलेली पोलिश कुटुंबे इराणमार्गे भारतात आली. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. छावणीतच शाळा निघाल्या आणि शिक्षण पोलिश भाषेतून दिले गेले. कारण युद्ध संपताच मायदेशी परतण्याची सर्वांना आशा होती. पुढे अनेकांना परतता आले नाही, परंतु शिक्षण मात्र खंडित झाले नाही. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ त्या आश्रयाची साक्ष देतो.

गडबसारख्या गावी आलेल्या मुलाची गोष्ट निराळी. त्याला येथेच वाढायचे असेल, तर मायबोलीबरोबर मराठीही हवी. कायदा त्याच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. अभ्यासात मागे असल्यास विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. जुन्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. मग दाखल्याची वाट पाहण्यात वर्ष जाते आणि मूल कायमचे मागे पडते.

आपल्या दुकानात वा वखारीत काम करणाऱ्याच्या मुलाचे नाव शाळेत लागले आहे का, एवढी चौकशी कोणताही व्यापारी करू शकतो. आपले पूर्वजही मारवाड-गुजरातेतून असेच आले आणि त्यांची मुले गावच्या शाळेत मराठी शिकली. आपल्या धर्मात ज्ञानदान व अभयदान ही दोन्ही श्रेष्ठ दाने मानली आहेत. परक्या गावी बावरलेल्या मुलाला शाळेपर्यंत पोहोचविले, तर ती दोन्ही एकदमच घडतात.