कुसळ मेंढीच्या डोळ्यात, फटका मेंढपाळाला

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळाची म्हण सर्वांनाच ठाऊक आहे. दख्खनच्या माळरानावर मेंढ्या राखणाऱ्यांसाठी मात्र हे कुसळ दरवर्षीचे खरेखुरे संकट ठरते. पावसाळा सरताना माळावरील कुसळी गवत पक्व होते आणि त्याचे टोकदार बी मेंढ्यांच्या अंगात रुतू लागते.

या बियांची रचनाच तशी आहे. टोक सुईसारखे, त्यावर मागे वळलेले केस आणि वर पिळदार लांब कूस. ओलावा मिळताच कुशीचा पीळ सुटतो, वाळताच पुन्हा बसतो. या हालचालीमुळे बी जमिनीत पेरले जाते. पण लोकरीत अडकल्यास तेच बी कातडीत शिरते. मागे वळलेल्या केसांमुळे ते सहजी बाहेर येत नाही.

लक्षणे कोणती?

डोळ्यातून सतत पाणी येणे, डोळा अर्धवट मिटलेला असणे आणि बुबुळावर पांढरट झाक दिसणे ही धोक्याची सूचना होय. उपचारास विलंब झाल्यास दृष्टी जाऊ शकते. खुरांच्या बेचक्यात बी रुतल्यास मेंढी लंगडते, तोंडात रुतल्यास चारा सोडते. कातडीखाली गळू होऊन पू धरतो आणि जखमेवर माशा बसल्यास अळ्या पडतात. कोकरांचे चेहरे गवताच्या उंचीवरच असल्याने त्यांना धोका अधिक. दुखण्याने त्यांची वाढ खुंटते व विक्रीच्या वेळी वजन भरत नाही.

उपाय काय?

कोवळेपणी हेच गवत उत्तम चारा असते. त्यामुळे फुलोऱ्यापूर्वीच ते चारून घ्यावे किंवा कापून वाळवून ठेवावे. बी पक्व होण्याआधी लोकर कातरल्यास बियांना अडकण्यास जागा उरत नाही. या काळात कोकरांना कुसळी नसलेल्या रानात किंवा पीक निघालेल्या शेतात चारणे हितावह ठरते. रोज सायंकाळी कळप वाड्यावर परतताच डोळे, तोंड व खूर तपासावेत.

डोळ्यात बी दिसल्यास स्वच्छ पाण्याने धुवावे. खोल रुतलेले बी ओढून काढू नये, ते काम पशुवैद्यकाचे. बुबुळाला जखम असताना स्टेरॉइडयुक्त मलम घातल्यास जखम चिघळते, म्हणून परस्पर औषध टाळावे. गळूही घरच्या घरी फोडू नये, कारण आतील बी काढल्याखेरीज जखम भरत नाही.

मोजक्या मेंढ्यांवर संसार चालविणाऱ्या कुटुंबाला एका कोकराचे नुकसानही जड जाते. रोजच्या काही मिनिटांच्या तपासणीने ते टाळता येते.