फेसाळ जिन सावर

जिन, लिंबाचा रस आणि साखर एवढ्या तीन जिनसांचे जिन सावर होते. त्यावर बोटभर जाडीचा पांढराशुभ्र फेस हवा असेल, तर अंड्यातला पांढरा भाग हा चौथा जिन्नस लागतो. एका ग्लासाला ६० मिलि जिन, २५ मिलि लिंबाचा रस, २० मिलि साखरेचे पाणी आणि साधारण २० मिलि अंड्याचा पांढरा भाग, हे प्रमाण घरी सहज जमते. अंडे मोठे असेल तर एका अंड्यात दीड ग्लास निघतो, म्हणून दोघांसाठी एकदम करणे सोयीचे पडते.

मद्य, आंबट आणि गोड यांचा हा मेळ पंचमधून आला. इंग्रजीत ‘पंच’ हा शब्द १६३२ पासून सापडतो. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर होता. १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने गोव्यातल्या नेरूळच्या अरकाची वाखाणणी केली आहे, आणि त्या अरकापासून इंग्रज लोक जे पेय करतात त्याला पाच जिनसांमुळे हे नाव पडले, असेही नोंदवले आहे. ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही. मोठ्या वाडग्यातला पंच पुढे एकट्याच्या ग्लासात उतरला आणि त्याचे सावर झाले. जेरी थॉमस या अमेरिकी बारटेंडरच्या १८६२ सालच्या पुस्तकात जिन सावर आहे. अंड्याच्या फेसाचा सोस मात्र त्यानंतरचा. न्यू ऑर्लिन्समध्ये हेन्री रामोस याने १८८८ मध्ये काढलेल्या जिन फिजमध्ये अंड्याच्या पांढऱ्याबरोबर सायही असे, आणि ते इतका वेळ हलवावे लागे की त्या कामासाठी पोऱ्यांची फळी उभी करावी लागली.

जिनला जिनपण येते ते जुनिपरच्या फळांमुळे. आयुर्वेदात या झुडपाला हपुषा म्हणतात. हिमालयातल्या हपुषेची फळे वापरून गोव्यात तयार होणाऱ्या एका जिनचे नावच ‘हपुसा’ आहे. ‘ग्रेटर दॅन’ आणि ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ याही गोव्याच्याच, आणि तिन्ही २०१७-१८ मध्ये बाजारात आल्या. सावरसाठी महागडी बाटली फोडण्यात अर्थ नाही, कारण लिंबापुढे नाजूक वास टिकत नाहीत. जुनिपर ठळक असलेली साधी ‘लंडन ड्राय’ धाटणीची जिन उत्तम. महाराष्ट्रात असे मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो आणि वयाची पंचविशी पूर्ण असावी लागते.

परदेशी कृतींमध्ये बहुधा मोठे पिवळे लेमन असते. आपले कागदी लिंबू त्याहून उग्र वासाचे आणि चवीला तिखट आंबट, म्हणून परदेशी कृतीतला रस जसाच्या तसा उचलू नये, थोडा कमी घालून चव पाहावी. एका लिंबातून १० ते १५ मिलि रस निघतो, म्हणजे ग्लासाला दोन लिंबे धरावीत. रस ऐन वेळी काढून गाळावा. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळपर्यंत कडवट लागतो. साखरेच्या पाण्यासाठी साखर आणि पाणी समभाग घेऊन विरघळेपर्यंतच गरम करायचे. दिवाळीत चिरोट्यांचा पाक करणाऱ्या हातांना इथे सवय मोडावी लागते. तार सोडाच, पाक बोटाला चिकटायलाही नको. तो घट्ट झाला तर गार पेयात नीट मिसळत नाही आणि तळाशी बसतो.

आता फेसाकडे. अंड्याच्या पांढऱ्या भागात सुमारे ९० टक्के पाणी आणि १० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. त्यातले निम्म्याहून अधिक प्रथिन ओव्हाल्ब्युमिन असते. प्रथिनांचे रेणू लोकरीच्या गुंड्यांसारखे गुंडाळलेले असतात. जोरात हलवले की हवा आत शिरते आणि हवा व पाणी जिथे भिडतात तिथे या गुंड्या उलगडतात. उलगडलेल्या रेणूची काही अंगे पाण्याकडे राहतात, काही पाण्यापासून दूर हवेकडे वळतात, आणि शेजारच्या रेणूंशी गुंतून प्रत्येक बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा तयार होतो. लिंबाचा आंबटपणा रेणू उलगडायला हातभार लावतो. साखर पाण्याला दाटपणा देते, त्यामुळे बुडबुड्यांमधले पाणी सावकाश झिरपते आणि फेस उशिरा बसतो. कमी गोड सावरचा फेस लवकर विरतो तो याचमुळे. गोडी टाळणाऱ्यांनी एवढी गोष्ट मान्य करावी.

या सगळ्याचा वैरी म्हणजे स्निग्धांश. पिवळ्या बलकाचा एक ओघळ पडला तरी बुडबुड्यांची भिंत फुटते. म्हणून अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडावे आणि पांढरा भाग स्वच्छ आहे हे पाहूनच पुढे न्यावा. भांड्याचा तेलकटपणाही तितकाच वाईट. ताक घुसळायची लाकडी रवी फेटायला हाताशी असते, पण तिच्यात लोणी मुरलेले असल्यामुळे ती इथे कुचकामी ठरते.

शेकर नसला तर घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी चालते. प्रोटीन पावडर हलवायची बाटली त्याहून बरी, कारण तिच्यातला तारेचा चेंडू फेटण्याचे काम करतो. सगळे जिन्नस भांड्यात घालून आधी बर्फाशिवाय १५ ते २० सेकंद जोरात हलवायचे. प्रथिने गारठ्यापेक्षा साध्या तापमानाला चांगली फुलतात, आणि वितळलेल्या बर्फाने मिश्रणही पातळ होत नाही. जिन आणि लिंबात अंडे पडले की रेंगाळू नये, कारण तसेच ठेवले तर पांढऱ्या भागाच्या तारा धरू लागतात. इथे एक खोड लक्षात ठेवावी. बर्फ असला की आतली हवा आकसते आणि झाकण आपोआप आवळले जाते. बर्फ नसताना तसे होत नाही, झाकण सैल राहते. एक तळवा झाकणावर दाबून धरला नाही तर चिकट पाणी कोपरापर्यंत येते.

मग भांडे बर्फाने दोनतृतीयांश भरून पुन्हा दहाबारा सेकंद हलवायचे. बर्फ फ्रीजरमधून तेव्हाच काढलेला, कोरडा आणि टणक असावा. पाणी सुटलेला बर्फ पेय पचपचीत करतो. आत खळखळणाऱ्या बर्फाचा आवाज मऊ, दबका झाला आणि भांड्याबाहेर पांढरा दव धरला की थांबावे. बारीक गाळणीतून गार केलेल्या ग्लासात ओतले की आधी सगळे दुधाळ दिसते. मिनिटभरात खालचे पेय नितळू लागते आणि फेस सायीसारखा वर येऊन बसतो.

फेसाला किंचित ओल्या अंड्याचा वास येतो आणि नाक ग्लासाशी नेताच तोच आधी भेटतो. त्रिनिदादच्या अँगोस्टुरा बिटर्सचे दोनतीन थेंब फेसावर टाकतात ते मुख्यतः हा वास झाकायला, रंगाची नक्षी हा वरचा लाभ. बिटर्स नसल्यास लिंबाच्या सालीचा तुकडा ग्लासावर पिळून तिचे तेल शिंपडावे. थोड्याशा तेलाने फेस जरा बसतो, पण वास सुधारतो.

कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणूंचा धोका असतो. जिन आणि लिंबू त्यांना मारून टाकतात ही समजूत भरवशाची नाही. एवढ्या थोड्या वेळात ते खात्रीने होत नाही. अंडी ताजी, न तडकलेली, फ्रिजमध्ये ठेवलेली असावीत, आणि वृद्ध व आजारी माणसांनी कच्चे अंडे टाळावे. त्यांना, आणि मुळात अंडे न खाणाऱ्यांना, काबुली चण्याचे पाणी हा चांगला पर्याय आहे. जोएल रोसेल या फ्रेंच गृहस्थाने २०१४ मध्ये या पाण्याचा फेस करून दाखवला आणि पुढच्या वर्षी त्याला ‘अक्वाफाबा’ हे नाव मिळाले. कटाच्या आमटीसाठी डाळ शिजवताना पातेल्यावर जो फेस चढतो, त्याचेच हे भावंड. डाळीतून उतरलेली प्रथिने आणि सॅपोनिन हे काम करतात. चणे भिजवलेले पाणी फेकून द्यावे आणि ताज्या पाण्यात मिठाशिवाय शिजवावेत. निथळलेले पाणी गार झाल्यावर अंड्याच्या पांढऱ्याइतके दाट झाले नाही, तर आटवावे. ग्लासाला ३० मिलि पुरते. हा फेस अंड्याच्या फेसाहून हलका असतो. वास मात्र जवळजवळ नसतो, त्यामुळे काहींना हाच अधिक आवडेल.

भारतातल्या बहुतेक जिनमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असते. बर्फाचे पाणी धरून ग्लासात सुमारे १६० मिलि पेय होते आणि त्यात अल्कोहोल १६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वाइनपेक्षा जास्त. फेसाच्या मऊपणामुळे ते सौम्य वाटते, आणि दुसरा ग्लास तिथेच फसवतो. जिन वगळून तेच लिंबू, तीच साखर आणि थोडे गार पाणी घालून हलवले तर फेसाळ सरबत होते, तेही टेबलावर असावे. उरलेला पिवळा बलक वाटीत झाकून फ्रिजमध्ये ठेवला, तर दुसऱ्या सकाळच्या बुर्जीत जातो.