ओठांतील भर : थोडे शास्त्र, थोडी सावधगिरी

ओठांवर कविता पुष्कळ झाल्या. परंतु ओठ मुळात असतात कसे, याचा विचार क्वचितच होतो. आता ओठ ‘भरून’ देणारी केंद्रे शहरोशहरी निघाली आहेत, आणि मी प्राणिशास्त्र शिकवीत असल्याने विद्यार्थिनी मला त्याबद्दल विचारतात. करावे की करू नये, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र सुईतून आत काय जाते, ते परत काढता येते का आणि सुई कोणाच्या हाती आहे, हे तीन प्रश्न आधी विचारलेच पाहिजेत.

ओठांची त्वचा फार पातळ असते. खालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तिच्यातून दिसतात, म्हणून ओठ लालसर भासतात. वयाबरोबर त्वचेला आधार देणारे कोलॅजेन हे प्रथिन कमी होते. ऊन आणि धूम्रपान ही झीज वाढवितात. ओठ बारीक होतात, त्यांच्या कडा पुसट होतात.

ही उणीव बाहेरून भरून काढण्याचा खटाटोप जुना आहे. व्हिएन्नाचे शल्यविशारद रॉबर्ट गेर्सुनी यांनी १८९९ च्या सुमारास शरीरातील उणी जागा भरण्यासाठी व्हॅसलिन टोचण्याचा प्रयोग केला. पाठोपाठ पॅराफिन आले. पण असे पदार्थ शरीराला पचत नाहीत. त्यांच्या गाठी झाल्या, ते जागा सोडून सरकले, आणि काढायचे तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नव्हते. १९८१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गोवंशापासून काढलेल्या कोलॅजेनला मान्यता दिली. ते काही महिन्यांत विरून जाई. तथापि काहींना त्याची ॲलर्जी होई, म्हणून आधी हातावर चाचणी घेऊन वाट पाहावी लागे.

आज मुख्यतः वापरतात ते हायलुरॉनिक आम्ल. कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते गुरांच्या डोळ्यांतील पारदर्शक द्रवातून वेगळे केले. ग्रीक भाषेत ‘हायालोस’ म्हणजे काच. नाव त्यावरून पडले. आपल्या त्वचेत आणि सांध्यांतही हे आम्ल असते व ते पाणी धरून ठेवते. नुसतेच टोचले तर शरीर ते लवकर फस्त करते. म्हणून त्याच्या लांब साखळ्या रासायनिक बंधांनी एकमेकींना जोडून घट्ट जेली बनवितात. एका वेळी साधारण एक मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा, पुरतो. परिणाम बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो. शिवाय हायलुरॉनिडेज हे विकर टोचून ही जेली विरघळविता येते. पॅराफिनच्या काळी ही सोय नव्हती.

मग धोका कुठे? ओठांभोवती धमन्यांचे कडे असते. जेली चुकून धमनीत शिरली तर पुढचा रक्तपुरवठा थांबतो. त्वचा पांढरी पडते, मग निळसर जाळीदार दिसू लागते, तीव्र वेदना होतात. वेळीच विकर टोचले नाही तर तेवढा भाग मरतो. चेहऱ्याच्या धमन्या डोळ्याच्या धमन्यांशी जोडलेल्या असल्याने क्वचित दृष्टीही गेली आहे. ज्याला ही रचना ठाऊक नाही, ज्याच्या कपाटात ते विकर नाही, त्याच्याकडे स्वस्तात ओठ भरून घेणे हा महाग सौदा ठरू शकतो. सुईविना, नुसत्या दाबाने जेली आत घालणाऱ्या यंत्रांविरुद्ध याच प्रशासनाने २०२१ साली स्पष्ट इशारा दिला आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. २०११ साली ओठांसाठी या जेलीला अमेरिकेत मान्यता मिळाली, ती एकवीस वर्षे पूर्ण झालेल्यांपुरती. आपल्या वर्गांत बसणारे बहुतेक जण त्याहून लहान आहेत. त्यांच्या ओठांतील कोलॅजेन अजून शाबूत आहे. ते राखण्यासाठी उन्हात डोके-चेहरा झाकणे आणि सिगारेटला दूर ठेवणे, एवढे आजच करता येईल.