लस टोचायची कोणी?

घरात तान्हे मूल असले की त्याच्या लशींचे कार्ड जपून ठेवले जाते. त्याच घरातल्या आजोबांचे असे कार्ड असते का? बहुधा नसते. लस ही मुलांची, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात फ्लू आणि न्युमोनिया यांनी दगावणाऱ्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे असते.

असे का होते? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी तिच्यात तयार होतात. वयाबरोबर ही ग्रंथी आक्रसते आणि नव्या पेशी कमी पडू लागतात. त्यात फ्लूच्या विषाणूने श्वसनमार्गाच्या अस्तराला इजा केली, की एरवी नाकाघशात निमूट राहणारा न्युमोकॉकस जिवाणू फुफ्फुसात उतरतो. या दोन्ही रोगजंतूंवर लशी आहेत. त्यांनी धोका पुरता टळत नसला, तरी कमी होतो.

मग त्या टोचल्या का जात नाहीत? अमेरिकेत एक गोष्ट ध्यानात आली. न्युमोकॉकसमुळे गंभीर आजारी पडलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक आधीच्या तीन ते पाच वर्षांत कशासाठी तरी रुग्णालयात राहून गेले होते. लस मात्र थोड्यांनाच मिळाली होती. हृदयासाठी दाखल झालेल्याचे हृदय तपासले गेले. लशीचा विषय कोणी काढलाच नाही.

इंडियानापोलिस शहरातील एका रुग्णालयात यावर प्रयोग झाला. तेथे डॉक्टर औषधांच्या सूचना संगणकावर लिहीत. डॉक्टरांच्या निम्म्या गटांना संगणक आठवण देई, ‘या रुग्णाला लस हवी.’ 2001 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवण न मिळालेल्या गटांत पात्र रुग्णांपैकी फक्त 1 टक्क्याला फ्लूची लस लिहून दिली गेली होती; आठवण मिळालेल्या गटांत 51.4 टक्क्यांना. न्युमोकॉकसच्या लशीचे आकडे होते 0.8 आणि 35.8.

पण लिहून देणे म्हणजे टोचणे नव्हे. म्हणून पुढे तेथेच आणखी एक पाऊल टाकले गेले. पात्र रुग्णासाठी संगणकच आदेश काढी आणि परिचारिका रुग्णाला विचारून लस टोचे. डॉक्टरांच्या सहीसाठी थांबावे लागत नसे. याला ‘स्थायी आदेश’ म्हणतात. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, डॉक्टरांना नुसती आठवण दिली तेव्हा 30 टक्के पात्र रुग्णांना फ्लूची लस मिळाली. स्थायी आदेशाने 42 टक्क्यांना. न्युमोकॉकसच्या लशीचे प्रमाण 31 वरून 51 वर गेले.

यात नवे औषध कोणतेच नव्हते. काम कोणाचे, एवढेच ठरवून दिले होते. जे काम सर्वांचे असते, ते कोणाचेच होत नाही, हे शाळेत आपण रोज पाहतो!

विद्यार्थ्यांना एक उपक्रम देता येईल. घरातील साठीपुढच्या माणसांचे कार्ड करावे: वय, मधुमेह किंवा दमा आहे का, कोणती लस केव्हा घेतली. पुढच्या खेपेस दवाखान्यात ते सोबत न्यावे आणि विचारावे, ‘डॉक्टर, आजीला कोणती लस द्यायला हवी?’ हा प्रश्न विचारण्याचे काम तरी आपण एकाकडे सोपवून देऊ.