गुडघ्याची गोळी आणि पाकिटावरची लाल रेघ

जयसिंगपूरच्या ऊसपट्ट्यात गुडघ्यांनी असहकार पुकारला, की पाय आधी औषध दुकानाकडे वळतात. हाती येते ती बहुधा डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा एटोरिकॉक्सिब. पाकिटावर उभी लाल रेघ असते: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

कारण साधे आहे. ही गोळी सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन रोखते. पण तीच द्रव्ये जठराचे अस्तर जपतात, मूत्रपिंडाचा रक्तप्रवाहही सांभाळतात. जेवणानंतर घेतल्याने जळजळ कमी होईल, अल्सरचा धोका टळत नाही. उन्हात राबून अंगातले पाणी आटले असेल, त्यात रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर मूत्रपिंडावर तिहेरी भार पडतो. याबद्दल फार कमी बोलले जाते.

धोका हृदयालाही असतो: याच गटातले, संधिवातावरचे गाजलेले रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले.

म्हणून दोन वेदनाशामके एकत्र घेऊ नका. रक्तदाब, मधुमेह, जुना अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी, सगळे डॉक्टरांना सांगा. गोळी दीर्घकाळ लागणार असेल तर मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन तपासा. शौच डांबरासारखे काळे झाले किंवा लघवी घटली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.